मंडळीचे वडील: बारामतीच्या एका बिनपगारी कामाचा इतिहास

बारामतीचा इतिहास सांगायला बसलं की आधी मोरोपंत येतात, मग नीरेचा डावा कालवा, मग ऊस, गूळ, साखर कारखाने आणि शेवटी राजकारण. मंडळीचे वडील त्यात येत नाहीत. येणार कसे? त्यांना पगार नाही, अंगात झगा नाही, नावामागे रेव्हरंड लागत नाही. कोनशिलेवर मिशनरी साहेबांचं नाव असतं, पाळकांचं असतं, देणगीदारांचं तर असतंच. वडिलांचं बहुतेक वेळा नसतं.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. रविवारी उपासनेला जमणाऱ्या लोकांना आम्ही मंडळी म्हणतो. मंडळी आपल्यातल्याच दोन-चार जाणत्या माणसांना पुढे करते, ते वडील. पैशांचं आणि गोरगरिबांचं बघणारे ते डीकन. पाळक हा शिकून आलेला, बदली झाली की जाणारा माणूस. वडील गावातलेच, बारशालाही हजर आणि मयतालाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात या वडिलांना ताकीद दिलेली आहे: कळपावर सत्ता गाजवू नका, लोभापायी हे काम करू नका, स्वतः वागून दाखवा. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. हे दोन्ही दाखले आमच्या शब्बाथ शाळेतल्या पोरांना तोंडपाठ असतात. पाठ करणं सोपं असतं, हे जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवल्यावर मला ठाऊक आहे. वागण्यात ते कधी उतरलं आणि कुठे निसटलं, ते मात्र लिहून ठेवायला हवं. माझे आजोबा बारामतीच्या मंडळीत वडील होते, म्हणून ते मी लिहिते आहे.

आमच्या मुलखात मोठा माणूस कोण हे फार पूर्वीपासून वहीवरून ठरत आलं. ज्याच्या वहीत तुमचं नाव, तो तुमच्याहून मोठा. पहिली वही सरकारची. इंदापूर तालुका अवर्षणाचा. जुनी आकारणी इथल्या कुणब्याला पेलेना, गावं ओस पडू लागली, म्हणून १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन महसुलाची नवी पद्धत इंदापुरातच प्रथम लावली. रयतवारीचा जो नमुना पुढे मुंबई इलाख्यात पसरला, त्याची सुरुवात या कोरड्या तालुक्यातली. दुसरी वही सावकाराची. १२ मे १८७५ रोजी सुप्याला, बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला आणि रोखे, खतं, चोपड्या जाळल्या. दख्खनचा दंगा म्हणून शाळेच्या पुस्तकात आहे तो हाच. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीचा कायदा आला. लोकांनी माणसं मारण्याऐवजी कागद जाळले, यावरून त्यांना नेमकं काय टोचत होतं ते कळतं.

तिसरी वही पोलिसांची. ती आमच्या घरात आली.

त्या वहीकडे वळण्याआधी वडीलपण मराठी मुलखात कसं आलं ते पाहायला हवं, आणि त्यासाठी नगरला जावं लागतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ च्या अखेरीस मुंबईहून अहमदनगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ नावाचे ब्राह्मण होते, नुकतेच ख्रिस्ती झालेले. नगरला एक अनाथालय होतं. आंधळे, पांगळे, महारोगी असे तिथे ठेवलेले. गावानं ज्यांना वेशीबाहेर काढलं ते लोक. बाबाजींनी त्यांच्यात जाणंयेणं ठेवलं, त्यांना शिकवलं, त्यांच्याशेजारी बसले. १८३३ मध्ये नगरला मंडळीची रीतसर स्थापना झाली तेव्हा तिच्यात या अनाथालयातली माणसं होती, आणि त्या मंडळीचे वडील म्हणून बाबाजी निवडले गेले. त्याच वर्षी पटकीनं ते गेले. हॉलिस रीड या मिशनऱ्यानं पुढे अमेरिकेत त्यांचं चरित्र छापलं.

त्या काळी ब्राह्मणानं महारोग्याच्या पंक्तीला बसणं म्हणजे काय होतं, याची आज नुसती कल्पना करता येते. घर सुटतं, जात सुटते, मेल्यावर खांदा द्यायला कोण येईल याची शाश्वती नसते. बाबाजींना वडीलपण मिळालं ते हे सगळं सोडून झाल्यावर. मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा ते पद आलं. मराठी मंडळीच्या इतिहासात वडीलपणाची सुरुवात इतकी स्वच्छ झाली, हे आमच्या लोकांनाही फारसं माहीत नाही.

त्यानंतर पाळक आले. हे मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात फिरले. त्यांचा आग्रह असा की खेड्याखेड्यांत मंडळ्या व्हाव्यात, त्यांना देशी पाळक मिळावेत आणि त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात. १८५४ मध्येच नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा दिली गेली. पाऊल मोठं होतं. पण खेड्यातल्या मंडळ्या गरिबांच्या. पाळकाचा पगार त्यांच्यानं निघेना, तो मिशनकडून येऊ लागला. ज्याचा पगार मिशन देतं तो लोकांच्या नजरेत मिशनचा माणूस ठरतो, मग तो कितीही भला असो. इथून पुढे मराठी मंडळीत दोन प्रकारची पुढारकी शेजारीशेजारी चालली. एकीला महिन्याचा पगार, दुसरी बिनपगारी. दुसरीचा इतिहास कुणी लिहिला नाही, कारण इतिहास बहुतेक वेळा हिशेबाच्या कागदांवरून लिहिला जातो आणि वडिलांचा हिशेबच नव्हता.

आता बारामती. इथे पाणी आलं १८८५ मध्ये, नीरेच्या डाव्या कालव्यानं. त्याआधी कऱ्हेवर भिस्त, आणि कऱ्हा वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. दौंडहून बारामतीला छोटी रेल्वे आली ती १९१४ मध्ये. या दोन तारखांच्या मध्ये, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाचं मिशन बारामतीत आलं. त्यांची पहिली मिशनरी मेरी थॉम्पसन १८९१ मध्ये मध्य प्रांतात हरद्याला आलेली होती. बारामतीचं काम स्ट्रटन पतिपत्नींनी उभं केलं. पुढे दौंडला दवाखाना झाला, श्रीगोंदा आणि इंदापूर भागात काम पसरलं.

या पंथाची एक गोष्ट आमच्या विषयाला महत्त्वाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत टॉमस आणि अलेक्झांडर कॅम्पबेल या बापलेकांनी आणि बार्टन स्टोन यांनी ही चळवळ सुरू केली. त्यांचं म्हणणं असं की पंथांची भांडणं नकोत, नव्या करारातली पहिली मंडळी जशी होती तशी राहू या. मोठ्यांचा बाप्तिस्मा, तोही पाण्यात बुडवून. प्रभुभोजन दर रविवारी. आणि प्रत्येक मंडळीची देखरेख तिच्याच वडिलांकडे, वर बिशप नाही. इतर बहुतेक पंथांत प्रभुभोजनाच्या मेजाशी दीक्षित पाळक लागतो. इथे वडील पुरतो. धंद्यानं तो सुतार असेल, शेतमजूर असेल, अंगठेबहाद्दर असेल. त्यानं भाकरीसाठी आभार मानायचे आणि ती वाटायची.

ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्या-दुकानदारांच्या मंडळ्यांना ही रीत साधीच वाटत असणार. बारामतीत आल्यावर मात्र तिचा अर्थ फार वाढला, आणि तो कशामुळे वाढला हे समजायला ती तिसरी वही उघडावी लागते.

इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. मुंबई इलाख्यात तो १९११ च्या नव्या कायद्यानं खरा जाचक झाला. अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, माणसांची नावं आणि बोटांचे ठसे नोंदवायचे, हजेरी लावायची, आणि वाटलं तर सगळ्यांना एका वसाहतीत आणून ठेवायचं. पोरांना आईबापांपासून वेगळं काढण्याचीही मुभा त्यात होती. ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्यानं इलाख्यातल्या वसाहतींची घडी बसवली. काही वसाहती सरकारनं चालवल्या, काही मिशनांकडे सोपवल्या. बारामतीची वसाहत ऑस्ट्रेलियन मिशनकडे आली. लोक तिला नुसतं सेटलमेंट म्हणत.

आम्ही कैकाडी. टोपल्या, कणग्या, पाट्या विणणारे. आजोबा करमाळ्याकडून पोरवयात आईबापांबरोबर सेटलमेंटमध्ये आले. त्यांनी चोरी केली होती का, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण कायद्याला त्याची गरज नव्हती. जन्म पुरेसा होता. सकाळ-संध्याकाळ मैदानात उभं राहायचं, नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं. बाहेर जायचं तर पास. खडी फोडायला, कालव्याच्या कामाला, शेतावर जायचं तर रांगेनं. तिथे शाळा होती, दवापाणी होतं, मजुरी मिळत होती, हेही तितकंच खरं. आजोबा दोन्ही सांगत आणि कुठलंच एक मोठ्यानं सांगत नसत.

पेच सरळ होता. वसाहतीचा कारभार मिशनकडे आणि शुभवर्तमानही मिशनकडे. ज्यांच्याकडून पास मागायचा त्यांच्याच मंडळीत बाप्तिस्मा घ्यायचा. मग श्रद्धा कुठली आणि सवलत कुठली, हे घेणाऱ्यालाही नीट उमगलं नसेल. हा प्रश्न मिशनच्या टीकाकारांनी त्या वेळीही उपस्थित केला आणि तो रास्त आहे. साहेब कितीही दयाळू असला तरी त्याची नम्रता ही वरून खाली उतरलेली नम्रता. तो वाकला तर लोक म्हणणार, बघा, एवढा मोठा माणूस वाकला. त्या वाकण्यानं तो आणखी मोठा होतो.

वडिलांचं तसं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी हजेरीच्या मैदानात जो सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहून 'हजर' म्हणाला, तोच रविवारी सकाळी मेजाशी उभा राहून भाकर मोडणार. त्याला ना कुणाला पास देता येत होता, ना कुणाचा पास अडवता येत होता. त्याचं स्वतःचंच नाव वहीत. त्याला लोकांनी मानलं तर ते त्याच्या वागण्यासाठीच मानलं असणार, कारण मानण्यासारखं दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतं. आणि त्याच्या हातची भाकर साहेबानं, मडमेनं, दौंडहून आलेल्या डॉक्टरनं बाकावर बसून घेतली. आजोबांना लिहिता येत नव्हतं. ठसे मात्र पोलिसांकडे दहाही बोटांचे होते. त्याच बोटांनी ते भाकर मोडत. बाबाजी रघुनाथांचं वडीलपण सगळं सोडून आलं होतं, आजोबांचं काहीच नसताना आलं. दोघांच्या मध्ये मुलखाचा आणि जातीचा केवढा फरक, पण पदाची जात एकच.

मोठ्या पोरांना बाप्तिस्मा द्यायचा तर पाणी हवं. कऱ्हेत नसायचं, म्हणून कालवा. आवर्तन सुटलं की दिवस ठरायचा. सरकारी कालव्यात, ज्याच्या कामावर खडी फोडली त्याच्या पाण्यात, वडील छातीपर्यंत उतरत. थंडीच्या दिवसांत दोघा-तिघांचा बाप्तिस्मा झाला की आजोबांचे दात वाजत, असं आजी हसत सांगायची.

बाकीची कामं आठवते तशी लिहिते. उपासनेआधी चर्च झाडणं आणि सतरंज्या अंथरणं हे वडिलांचं काम, डीकनचं नाही, शिपायाचं तर नाहीच. बायका रोज जोंधळा दळायला घेताना एक मूठ वेगळी काढत, ती गोळा करून ज्या घरात माणूस पडून आहे तिथे पोचवायची, आणि कुणी दिली, कुणाला दिली हे तोंडातून काढायचं नाही. दुखणाईत माणसाला छोट्या गाडीनं दौंडच्या दवाखान्यात न्यायचं, तिथे पायरीवर झोपायचं. मयत झालं तर खड्डा खणायला पहिली कुदळ वडिलांची. पटकी, प्लेगच्या दिवसांत भाऊबंद पाठ फिरवत तेव्हा प्रेत धुवायलाही तेच. मंडळीतल्या एखाद्यानं दारू पिऊन बायकोला मारलं तर वडिलांनी त्याला बोलावून घ्यायचं नाही. स्वतः त्याच्या दारी जायचं, उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसायचं आणि तो बोलेपर्यंत बसून राहायचं. जातपंचायत दंड करी, वाळीत टाकी. वडिलांना दंड करायचा अधिकार नव्हता. त्यांच्यापाशी एकच हत्यार, आपली लाज न बाळगता दुसऱ्याच्या दारात बसणं.

हे सगळेच वडील असे होते असं म्हणणं खोटं होईल. पगार नसला तरी अहंकाराला कुणी अडवत नाही. आजोबांच्याच पिढीत एक वडील असे होते की प्रार्थना लांबवून लांबवून लोकांचं जेवण थंड करत, आणि दुसऱ्यानं गायलेलं गीत त्यांना कधी सुरात वाटलंच नाही. पण त्यांचा जाच तेवढ्यावर थांबे. त्यांच्या हातात कुणाचं काही अडवण्यासारखं नव्हतं, म्हणून लोक त्यांना हसून सोडून देत. ज्याला हसता येतं असा पुढारी फारसं नुकसान करू शकत नाही.

इथे एक शेजारी सांगितला पाहिजे, नाहीतर वाचकाला वाटेल की नम्रता बारामतीत आगबोटीनं आली. तुकोबांची पालखी दर वर्षी आषाढी वारीत बारामतीला मुक्कामाला असते. पुढे सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला नीरा ओलांडते. वाटेवर बेलवाडीला गोल रिंगण होतं. वारीत कुणीही कुणाच्याही पाया पडतो, वय बघत नाही, जात विचारत नाही. दिंडीत वीणा ज्याच्या गळ्यात तो मोठा, आणि त्या मोठेपणाची किंमत अशी की बाकीचे टेकतात तेव्हा त्यानं उभं राहायचं. आजोबा पालखीच्या दिवशी रस्त्याकडेला रांजण भरून ठेवत, तुटलेल्या पाट्या, दुरड्या फुकट बांधून देत. मंडळीतल्या काहींना ते खपत नसे. आजोबा म्हणत, आपल्याकडे पाय धुवायचं लिहून ठेवलंय, हे लोक चालता चालता करतात.

नारायण वामन टिळकांना हे फार आधी कळलं होतं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरला मिशनमध्ये काम केलं, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. लोकांपुढे उभं राहायचं तर पगारी माणूस म्हणून नको, हा त्यांचा हट्ट. १९१९ मध्ये ते गेले, दरबार पुढे फार टिकला नाही. पण पगार आणि पुढारकी यांची गाठ सोडवली पाहिजे हे मराठी ख्रिस्ती समाजात त्यांनी उघडपणे मांडलं. जे टिळकांनी प्रयत्नानं सोडलं ते बारामतीच्या वडिलांना मुळात मिळालंच नव्हतं.

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. दौंडकडून पुण्याच्या दिशेनं गेलं की केडगाव लागतं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. संस्कृतात पंडिता ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली बाई, आयुष्याची शेवटची वर्षं बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवते, कारण तिच्या मुलींना पंडिती मराठी कळणार नव्हतं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. त्यांना कुठल्या मंडळीनं वडील म्हणून निवडलं नाही. त्या काळात बाईला निवडतही नव्हते. पेत्रानं सांगितलेली प्रत्येक अट मात्र त्यांच्यात होती.

आता वडीलपण कसं बदललं ते. माझ्या मते दोन कायद्यांनी बदललं, आणि दोन्ही चांगले कायदे होते.

पहिला १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. देवळं, दर्गे, चर्च, सगळ्यांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करायची, हिशेब द्यायचे, कारभारी बदलले की चेंज रिपोर्ट भरायचा. हेतू रास्त, धर्माच्या नावावरच्या पैशाला शिस्त लागावी. दुसरा बदल ३१ ऑगस्ट १९५२ चा. गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, तिसरी वही बंद झाली, आजोबांची पिढी मोकळी झाली. पोरं शिकली, कुणी एसटीत लागलं, कुणी कारखान्यावर, मी डी.एड. करून शाळेत. पुढच्या दोन-तीन दशकांत परदेशी मिशनरी एकेक करून गेले. त्यांच्या नावावरच्या इमारती, पटांगणं, स्मशानभूमी इथल्या माणसांच्या देखरेखीखाली आल्या.

म्हणजे इतकी वर्षं ज्यांच्यापाशी वही नव्हती, त्यांच्या हातात वही आली. वडील होते ते विश्वस्त झाले. झाडू गेला आणि शिक्का आला. बारामतीची जमीन आधी गुंठ्यावर बोलली जायची, मग चौरस फुटावर बोलली जाऊ लागली, तशी त्या सहीची किंमत वाढली. पुढे महाराष्ट्रातल्या किती मंडळ्यांत काय झालं ते वाचकांना कोर्टाच्या तारखांवरून माहीत आहे. मी ज्या एका मंडळीत बरीच वर्षं जात होते, तिचं नाव घेत नाही, तिथे वडिलांच्या निवडणुकीला पॅनेल पडली, मतदारयाद्यांवर हरकती आल्या, आणि एका वर्षी प्रभुभोजन कुणी द्यायचं यावरून दोन गट भांडले. भाकर तशीच राहिली. त्या दिवशी घरी येऊन मला आजोबांचं दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर बसणं आठवलं.

कायदा मागे घ्या असं मी म्हणत नाही. हिशेब हवाच, सही हवीच. माझं म्हणणं एवढंच की सही करणारा माणूस आणि मेजाशी उभा राहणारा माणूस एकच असण्याची काही गरज नाही. विश्वस्त मंडळ वेगळं ठेवा, त्यात वकील घ्या, बँकेतून निवृत्त झालेले घ्या. वडील मात्र असे निवडा ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. बाबाजींपासून आजोबांपर्यंत जे दिसतं ते हेच. माणसं त्या काळी जास्त चांगली होती असं मला वाटत नाही. पद रिकामं होतं. त्यातून काही काढता येत नव्हतं, घालावंच लागत होतं. लोभी माणूस तिकडे फिरकतच नसे. नम्रता ही स्वभावाची गोष्ट आहे असं आपण प्रवचनात ऐकतो. इतिहास असं सांगतो की तिच्यासाठी पदाची बांधणीही तशी लागते.

आणखी एक हिशेब द्यायचा राहिला आहे. प्रभुभोजनाची बिनखमिराची पोळी शनिवारी रात्री आजी भाजायची. द्राक्षारसाऐवजी मनुके भिजत घालून, कुस्करून, फडक्यातून गाळायची तीच. मूठभर जोंधळा बाजूला काढायची कल्पना बायकांचीच. प्लेगात बाईमाणसाचं प्रेत आजोबा धूत नसत, आजी धुवायची. वडील दुसऱ्याच्या दारात रात्रभर बसत तेव्हा घर ती सांभाळत होती. पेत्राच्या पत्रातल्या अटी लावल्या तर आमच्या घरात दोन वडील होते. निवडला एकच गेला.

आज काही मंडळ्यांत बायका वडील होऊ लागल्या आहेत, बऱ्याच ठिकाणी अजून नाहीत. बारामती, इंदापूर, दौंड, श्रीगोंदा इथल्या मंडळ्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या निवडीला बसाल तेव्हा कोण चांगलं बोलतं, कुणाची ओळख वर कुठपर्यंत आहे हे विचारू नका. गेल्या वर्षी आपल्यात जी मयतं झाली, त्या प्रत्येक घरी सगळ्यात आधी कोण पोचलं होतं तेवढं विचारा. जे नाव पुन्हा पुन्हा येईल, मग ते बाईचं असलं तरी, त्याला वडील करा. आणि चर्चची किल्ली देताना झाडूही द्या.